तडजोडीचं पोतं

तुम्ही खोटा निवाडा दिलात. चुकून नव्हे, समजून-उमजून दिलात, आणि तोही माझ्या बाजूनं. जिंकलेला माणूस कागद उलटून बघत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. एकवीस वर्षं मी तो उलटून बघितला नाही.

आता संघटना तुमचा सत्कार करणार आहे. ओतकामाच्या फौंड्रीवाल्यांची आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांची शेकडो भांडणं तुम्ही पंच म्हणून कोर्टाची पायरी न चढता मिटवलीत, म्हणून गौरव अंक निघणार आहे. त्यात माझ्याही भांडणाची गोष्ट हवी आहे म्हणे. दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला. मी सातवीपर्यंत शिकलेला, भट्टीपुढं वाढलेला माणूस. मला आखून-रेखून लिहिता येत नाही. जसं घडलं तसं लिहितो. छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

एकवीस वर्षांमागं एका दुपारी मिस्त्री माझ्या गोदामाच्या दारात येऊन उभे राहिले. आत यायला तयार नव्हते.

"या की आत, मिस्त्री."

"हितं बरं हाय. वारा हाय."

वारा कुठला, एप्रिल महिना होता. आत माझी बायको राजमती फरशीवर पाय पसरून बसली होती आणि दाभणानं पोतं शिवत होती. हमालांच्या हूकनं दहा पोत्यांमागं एक फाटायचंच. सांडलेली पावडर आम्ही झाडून गोळा करायचो, रिकाम्या पोत्यात भरायचो, वजन करायचो आणि सुतळीनं तोंड शिवायचो. कुणी मला चोर म्हणू नये. एकाही पोत्यात छटाकभर वजन कमी नव्हतं.

पावडर म्हणजे साच्याच्या वाळूत घालायची, राखाडी. ती घातली की वाळू घट्ट बसते आणि तिच्यात वितळलेलं लोखंड ओतता येतं. कोल्हापुरात अशा ओतकामाच्या साठ-सत्तर भट्ट्या तेव्हा आमच्या वसाहतीत होत्या, आणि त्यातल्या नऊ जणांना मी माल देत होतो. पहिलं गिऱ्हाईक मिस्त्री.

मिस्त्री म्हणजे हिंदुराव सुतार. मूळ काम लाकडाचे पॅटर्न करायचं, ज्यांच्यावरून वाळूत साचा उठवतात ते. पुढं त्यांनी स्वतःची भट्टी टाकली. मी त्यांच्या हाताखाली आठ वर्षं साचे भरले. वाळू मुठीत दाबून मूठ उघडायची; गोळा उभा राहिला पाहिजे, आणि मोडला तर कडकन मोडला पाहिजे. ही परीक्षा मला त्यांनी शिकवली. माझ्या बुटात लोखंडाचा थेंब गेला आणि पाय अधू झाला, तेव्हा दवाखान्यात येऊन तेच म्हणाले होते, "रडत बसू नकोस. पावडरीची एजन्सी घे. पयलं गिऱ्हाईक मी." मी पतसंस्थेकडं घर गहाण टाकलं आणि एजन्सी घेतली. गोदाम भाड्यानं घेतलं. आधी तिथं एक खतवाला होता, तो बुडाला होता, म्हणून स्वस्तात मिळालं. आत गेलं की नाकाला झोंबायचं. सवय झाली.

मिस्त्री दारातनं राजमतीकडं बघत होते.

"काय करालीयस पोरी हे?"

"सांडलेलं भरतोय, मामा. वाया घालवून कसं चालंल?" ती त्यांना मामाच म्हणायची.

"कितवा म्हैना?"

"आठवा."

"मग खाली कशाला बसलीयस? उभी ऱ्हाऊन शिव. पाठ धरंल."

ते पुढं आले, वाकले, आणि शिवलेल्या पोत्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग शर्टाचा खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. मी मनात म्हटलं, चेक आणलाय आणि द्यायला हात धजेना. तीन महिन्यांची उधारी थकली होती त्यांच्याकडं. पतसंस्थेचा हप्ता मला त्यांच्याच पैशातनं भरायचा होता. दोन हप्ते चुकले होते. तिसरा चुकला असता तर दाराला नोटीस लागणार होती.

"मिस्त्री, तेवढं पैशाचं."

"बघू."

"बघू म्हंजे कधी?"

"बघू म्हंजे बघू, बाळू." राजमतीनं तांब्या दिला. ते घटाघटा पाणी प्याले, खिशावर हात ठेवला आणि गेले.

राजमती म्हणाली, "मामांना काहीतरी सांगायचं होतं."

मी म्हटलं, "सांगायचं नव्हतं, द्यायचं होतं. आणि दिलं नाही."

आता तुमचा वर्ग आठवा. तुम्ही स्वतः मोठ्या भट्टीचे मालक, तरी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नव्या पुरवठादारांना तुम्ही संघटनेच्या हॉलात बोलवायचात आणि उधारी कशी सांभाळायची ते सांगायचात. मी पहिल्या बाकावर असायचो. तुमचे शब्द मी वहीत उतरवून घेतलेत, ती वही अजून माझ्याजवळ आहे. "गिऱ्हाईकाची पत त्याच्या तोंडात नसते, अंगणात असते. अंगणातला भंगाराचा ढीग बघा." "उधारीचं गिऱ्हाईक भाव करायचं थांबलं की सावध व्हा. ज्याला द्यायचंच नाही, तो भाव कशाला करील?" आणि तिसरं, ज्याच्यावर सगळे हसले होते: "तुमची उधारी ठेवून जो दुसऱ्याकडं रोखीनं घेतो, तो बायको सोडलेला नवरा. परत येत नाही."

मे महिन्यात मला कळलं की मिस्त्री दुसऱ्या एजंटाकडनं पावडर घ्यायला लागलेत. रोखीनं. चार-चार पोती.

मी सायकल काढली आणि भट्टीवर गेलो. अंगणात कास्टिंगांचा, म्हणजे ओतून काढलेल्या मालाचा, मोठा ढीग होता, ताडपत्रीनं झाकलेला. मिस्त्री कधीच काही झाकत नसत. मी बाजूनं ताडपत्री उचलली तर एका पोरानं माझा हात धरला. "मालक म्हणालेत कुणाला दावू नका."

तुमची तिन्ही वाक्यं तिथं माझ्यासमोर उभी होती. भंगाराचा ढीग. भाव न करणं, कारण कित्येक महिने मिस्त्रींनी माझ्याशी भाव केलाच नव्हता. रोखीची खरेदी. शिकवलेलं सगळं जुळत होतं, फक्त माणूस जुळत नव्हता. मी माणूस सोडला आणि शिकवलेलं धरलं.

"मिस्त्री, दुसऱ्याला रोख देता आणि माझं बुडवता?"

ते साच्यापाशी उकिडवे बसले होते. वर बघितलं नाही. "बुडवत न्हाई."

"मग द्या की."

"देतो. थोडं थांब."

"कशाला थांबू? माझ्या दाराला नोटीस लागंल तवर थांबू?"

"बाळू, घरी जा. राजमतीजवळ बस. तिला ते पोती शिवायचं काम लावू नकोस."

हे ऐकून साचे भरणारी पोरं हसली. मला वाटलं, हा माझ्या गरिबीवर त्यांना हसवतोय. आठ वर्षं ज्याच्या हाताखाली राबलो, तो माझी बायको पोती शिवते म्हणून मला टोमणा मारतोय, आणि तेही माझेच पैसे दाबून.

"फळ्यावर नाव लागंल, मिस्त्री."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. फळा म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. संघटनेच्या हॉलात भिंतीवर काळा फळा होता. ज्यानं उधारी थकवली, त्याचं नाव त्यावर खडूनं लिहिलं जायचं. नाव लागलं की वसाहतीत त्याला कुणी मूठभर वाळूसुद्धा उधार देत नसे. लोक नोटिशीला भीत नसत, फळ्याला भीत.

"लाव," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा खाली बघून साचा थापटायला लागले.

मला कोर्टात जायचं होतं. वकील बघून ठेवला होता. तुम्ही मला बोलावून घेतलंत. हॉलाच्या मागच्या खोलीत, पंख्याखाली.

"कोर्टात जा की," तुम्ही म्हणालात. "तारखा पडतील. तुझी बायको आता पोटुशी आहे ना? तो पोरगा मोठा होऊन तुझ्या बाजूनं साक्ष द्यायला येईल, तवर निकाल लागेल."

मी हसलो नाही.

"बाळगोंडा, मला अर्ज दे आणि आठ दिवस दे. तोवर फळ्यावर नाव नको. वकिलाला घातलास तर वकील जगेल, आणि तुम्ही दोघं मराल. मी त्याच्याशी बोलतो."

अर्ज दिला. तुम्ही बोलायला गेलात. तिन्हीसांजेला तुमची गाडी मिस्त्रींच्या भट्टीसमोर दोन तास उभी होती, हे मला पानवाल्यानं सांगितलं. आत काय बोललात ते त्याला ठाऊक नव्हतं. मला नव्हतं. कुणालाच नव्हतं.

शनिवारी चार वाजता बैठक झाली. चाळीसेक माणसं होती. फळा पुसलेला होता आणि खडू तुमच्या टेबलावर. मिस्त्री धुतलेलं धोतर-टोपी घालून आले होते. लग्नाला आल्यासारखे. मी नजर टाळली.

तुम्ही विचारलंत, "हिंदुराव, बाळगोंडा चौगुले यांचं देणं मान्य आहे?"

"मान्य."

"सगळं?"

"सगळं."

"मालाबद्दल काही तक्रार?"

इथं मिस्त्री थांबले. मी पुढच्या बाकावर होतो, मला दिसत होतं. ते तुमच्याकडं बघत होते. तुम्ही चष्मा काढून उपरण्यानं पुसत होतात. चष्म्याला काही लागलेलं नव्हतं. तरी पुसत होतात. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं, आता काहीतरी खोटं काढणार.

"तक्रार न्हाई," ते म्हणाले.

मागून कुणीतरी बोललं, "मग ट्रॅक्टर कंपनीच्या मालाला भोकं कुठनं पडली, मिस्त्री? उंदरांनी पाडली काय?"

हॉल हसला. तेव्हा मला कळलं की ताडपत्रीखाली काय होतं. पुण्याच्या एका ट्रॅक्टर कंपनीचं काम मिस्त्रींकडं होतं, आमच्या वसाहतीतलं सगळ्यात मोठं. तो माल लेथवर चढवला की आत टाचणीच्या टोकाएवढी भोकं निघत होती, आणि गाडीच्या गाडी परत येत होती.

मिस्त्रीही हसले. "हात म्हातारा झाला, दुसरं काय."

मी तुम्हाला खरं सांगतो, त्या वाक्यानं मी गोंधळलो. भट्टीला उभं राहून, लोखंडाचा नुसता रंग बघून आच सांगणारा माणूस. मुठीत वाळू दाबून पाण्याचा अंश सांगणारा माणूस. त्याचा हात एका हंगामात म्हातारा होतो? प्रश्न तोंडापर्यंत आला होता. पण मी जिंकत होतो. जिंकणारा माणूस मध्ये बोलत नाही.

तुम्ही तीन हप्ते बांधून दिलेत. दोघांच्या सह्या घेतल्यात. आणि मग म्हणालात, "आता पोतं."

ती रीत तुम्हीच घातलेली. तडजोड झाली की ज्याचं येणं आहे त्यानं एक पोतं सगळ्यांसमोर खांद्यावर घ्यायचं, देणेकऱ्याच्या गाडीपर्यंत न्यायचं आणि उधार द्यायचं. तुम्ही दरवेळी तेच सांगायचात: ज्यानं नाव घालवलं त्यानंच ते परत द्यावं, नाहीतर पैसे मिटतात आणि माणूस तसाच फळ्यावर राहतो. मला ती रीत नेहमी आवडायची. स्वतःवर आली तेव्हा घशाखाली उतरेना.

हॉलाबाहेर माझी हातगाडी होती. मी पोतं उचललं. माझा पाय असा, त्यामुळं लोक बघत होते. मिस्त्रींच्या टेम्पोपर्यंत पन्नास पावलं असतील. ते माझ्या बाजूनं चालत होते, हात पुढं करून, पडलं तर धरायला. टेम्पोत पोतं टेकवलं. मी मागं वळणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब."

आणि त्यांनी पोत्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश.

"कंपनीची शिलाई हाय," ते म्हणाले. "मशीनची. ही चांगली. हीच देत जा, बाळू. कुणालाबी दे, पण हीच."

बाजूला सात-आठ जण होते. एक जण फिसकन हसला. माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"मिस्त्री, माझी बायको पोती शिवते. लाज वाटत नाही मला त्याची. तुमच्यागत उधारी थकवत नाही मी."

ते टेम्पोच्या फळीला टेकून उभे राहिले. तुम्ही हॉलाच्या पायरीवर उभे होतात. तुम्ही हे ऐकलंत. आणि आत गेलात.

त्या रागात मी घरी गेलो, दाभण घेतला आणि ओढ्यात फेकला. सुतळीचा गुंडाही फेकला. राजमतीला सांगितलं, फाटलेलं पोतं आजपासून कंपनीला परत. सांडलेलं उकिरड्यावर. तोटा झाला तर झाला, पण पुन्हा कुणी माझ्या शिलाईवर बोट ठेवता कामा नये. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तुझ्या मामानं भर बाजारात अब्रू काढली.

मिस्त्रींनी तिन्ही हप्ते दिले. तिन्ही तारखेआधी. हेही माझ्या डोक्यात बसेना. ज्याला द्यायचंच होतं, त्यानं अडवलं कशाला? आणि ज्याला अडवायचं होतं, तो तारखेआधी देतो कशाला? मी राजमतीला विचारलं. ती म्हणाली, "जाऊन मामांनाच विचारा की." मी गेलो नाही. पैसे आले होते. घर वाचलं होतं. मुलगी झाली होती.

दिवाळीआधी ट्रॅक्टर कंपनीनं मिस्त्रींचं काम काढून घेतलं. मोठं काम गेल्यावर भट्टी किती दिवस पेटती राहणार? दोन वर्षांत बंद पडली. मिस्त्री पुन्हा लाकडाकडं गेले, दुसऱ्याच्या पॅटर्नच्या दुकानात, रोजावर. ते काम कुणाकडं गेलं, हे या अंकात कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. ते तुमच्या भट्टीकडं गेलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठी भट्टी, मोठं नाव, कंपनी दुसरीकडं कुठं जाणार? तुमच्या वाढलेल्या कामाला पावडर मीच पुरवली. कंपनीच्या शिलाईची.

मिस्त्री एकदा भेटले, एका लग्नात, पंगतीला. शेजारीच पान मांडलेलं, उठता येईना.

"पोरगी कितवीत?"

"तिसरीत."

"दाभण हाय काय अजून?"

"फेकून दिला. त्याच दिवशी."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारून आणखी एक जिलबी घेतली. खुशीत दिसले. मला त्या खुशीचाही राग आला. सात वर्षांमागं ते वारले. मी तिसऱ्या दिवशी गेलो आणि लांब उभा राहून आलो.

मागच्या महिन्यात गौरव अंकासाठी संघटनेचं जुनं कपाट उघडलं. प्रत्येकानं आपापल्या तडजोडीची फाइल काढायची, तारखा बघायच्या आणि लिहायचं, असं ठरलं होतं. मी माझी काढली. वर माझा अर्ज. खाली तडजोडीचा कागद, दोघांच्या सह्या. त्याच्याखाली एक घडी घातलेला वहीचा कागद, आणि टाचणीनं त्याला टोचलेली एक पुडी.

कागद मिस्त्रींच्या अक्षरात होता. चौथी शिकलेल्या माणसाचं वाकडं अक्षर. मी तसाच उतरवतो.

"बाळगोंडाच्या पावडरीत पांढरे दाणे सापडले. सुतळीनं शिवलेल्या पोत्यात हायत. मशीनच्या पोत्यात न्हाईत. दाणे तापल्या पत्र्यावर टाकले तर वितळले आनि गोठ्यासारखा वास आला. युरिया हाय. गोदामाच्या फरशीवरचा आसनार. त्यानं कास्टिंगला भोकं पडत्यात. दुसऱ्याची पावडर रोखीनं आनून भरून बघितलं, भोकं बंद झाली. बाळूला म्हाईत नसनार. पंचांनी बघावं."

खाली तारीख होती. तुमची गाडी भट्टीसमोर दोन तास उभी होती, तीच.

आणि त्याच्याखाली, निळ्या शाईत, तुमच्या अक्षरात दोन शब्द: "परत घेतले." म्हणजे हे म्हणणं मागं घेतलं. त्याच्याखाली मिस्त्रींची सही.

पुडी उघडली. दाणे ओलीनं विरघळून एक खडा झाला होता, कागदाला चिकटलेला. पण वास तोच, माझ्या जुन्या गोदामाचा.

म्हणजे त्या दुपारी मिस्त्रींच्या खिशात चेक नव्हता. ही पुडी होती. सांगायला आले होते आणि राजमतीचं पोट बघून पाणी पिऊन परत गेले. रोखीनं चार पोती घेतली ती मला सोडण्यासाठी नव्हे, खातरी करण्यासाठी. ढीग झाकला तो स्वतःची पत लपवायला नव्हे, माझी. आणि पोत्यावरून अंगठा फिरवला तेव्हा चारचौघांत जे उघड बोलता येत नव्हतं, ते मला सांगत होते. मी त्यांना काय बोललो, ते वर लिहिलंच आहे.

मी कागद घरी नेला. राजमतीला वाचून दाखवला. तिनं तो हातात घेतला, उलटून बघितला.

मग म्हणाली, "मी तुम्हाला म्हणाले होते."

"काय म्हणाली होतीस?"

"झाडताना पांढरं पांढरं येतंय म्हणून. हाताला खाज सुटते म्हणून. तुम्ही म्हणालात, येऊ दे, वजन भरंल."

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. अगदी माझाच आवाज आठवला, हसत बोललेला. तेव्हा मी निर्दोष आहे, असं मी लिहीत नाही. भोकं माझ्या झाडूनं पाडली. हे या अंकात माझ्या नावानं छापा, मोठ्या टायपात छापा.

पण आता तुमचं.

ते उघड झालं असतं, तर माझी नऊच्या नऊ गिऱ्हाइकं त्याच संध्याकाळी गेली असती. भरपाई मागितली गेली असती. घर गेलं असतं. पोरगी दुसऱ्याच्या ओसरीवर जन्मली असती. ते न झाल्यामुळं मी आज तीन गोदामांचा मालक आहे. मग मी तुमच्यावर कशाला चिडतोय, असं राजमतीसुद्धा विचारते. रात्री वाटतं, तुमचे पाय धरावेत. सकाळी वाटतं, तुमची कॉलर धरावी.

कारण दुसरी बाजूही आहे. तो कागद मिस्त्रींनी ट्रॅक्टर कंपनीला दाखवला असता, तर भोकांचं कारण कळलं असतं. पावडर बदलली, भोकं बंद झाली, विषय संपला. काम त्यांच्याकडंच राहिलं असतं. कारण लपलं म्हणून म्हातारा हात शिल्लक राहिला, आणि म्हाताऱ्या हाताला कंपनी काम देत नाही. तुमच्या हाताला दिलं.

मी दोनदा तुमच्या घरी आलो. एकदा सून म्हणाली, झोपलेत. एकदा म्हणाली, आता काही आठवत नाही त्यांना. पण सत्काराच्या भाषणाचा मजकूर तुम्ही स्वतः दोनदा दुरुस्त करून पाठवलात, हे मला कचेरीत कळलंय. ज्याला भाषण आठवतं, त्याला ते दोन तासही आठवत असतील.

त्या दोन तासांत तिथं दोघंच होते. एक गेला. "परत घेतले" हे शब्द तुमच्या हातचे आहेत आणि सही त्यांची आहे. कागद एवढंच सांगतो, पुढं सांगत नाही. मिस्त्री स्वतःहून म्हणाले असतील, "पोराचं घर जाईल, राहू दे," तर ते मला दिलेलं दान आहे, आणि ते मी मरेपर्यंत डोक्यावर घेऊन फिरेन, त्यांच्या मुलांच्या दारात जाऊन फिरेन. आणि तुम्ही पंख्याखालच्या त्याच गोड आवाजात त्यांना म्हणाला असाल, "बाळगोंडा मरेल, राजमतीचे दिवस भरलेत, तुझ्या जिवाला ते लागेल, घे परत," आणि उठताना ट्रॅक्टर कंपनीचा विचार तुमच्या डोक्यात असेल, तर ती चोरी आहे, आणि त्या चोरीला माझ्या बायकोचं पोट वापरलंत.

मी सत्काराला येणार आहे. पुडी माझ्या खिशात असेल, मिस्त्रींच्या होती तशीच. त्याआधी मला एवढंच सांगा. लिहून सांगा, माणूस पाठवून सांगा, कसंही सांगा.

तो कागद त्यांनी परत घेतला, की तुम्ही घ्यायला लावलात?